उचल

माझी साफसफाईची कंपनी आहे. पुण्यात आणि हिंजवडीत मिळून चौदा साइट, चारशेच्या आसपास माणसं, त्यांत तीनशे बायका. ऑफिसांचे मजले पुसणं, स्वच्छतागृहं धुणं, काचा, कचरा. सिंहगड रस्त्यावरच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस आणि गोदाम एकत्रच आहे. पुढे टेबल, मागे फिनेलचे कॅन, मॉपच्या काठ्या, हातमोज्यांची खोकी.

गेल्या पावसाळ्यात मावशी वसईहून आठ दिवसांसाठी आली होती. ती आता अठ्ठ्याहत्तरची. उमेदीची वर्षं तिने ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीच्या कामात घालवली. एका रात्री मला घरी जायला उशीर होणार होता, म्हणून तीच रिक्षाने डबा घेऊन गाळ्यावर आली. माझ्यासमोर एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा फॉर्म होता. त्यात एक प्रश्न होता : आपल्या कामकाजात किंवा पुरवठा साखळीत सक्तीची मजुरी, कर्जापोटी मजुरी किंवा आधुनिक गुलामगिरीचा कोणताही प्रकार आहे काय? पुढे दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’. त्यावरून जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहून काढतो आहे.

मावशी : हे कोण विचारतंय?

मी : गिऱ्हाईक. त्यांची मूळ कंपनी ब्रिटनची. तिथे २०१५ मध्ये कायदा झाला. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त, तिने दरवर्षी जाहीर करायचं, की आपल्या धंद्यात आणि आपल्याला माल-सेवा पुरवणाऱ्यांकडे गुलामगिरी राहू नये म्हणून आपण काय केलं. आपल्याकडेही सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून अशा प्रकारचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात मानवी हक्कांवर वेगळा भाग आहे. तोच प्रश्न एकेक पायरी उतरत माझ्यापर्यंत येतो.

मावशी : मग काय लिहिणार?

मी : ‘नाही’. दुसरं काय लिहू? किमान वेतन देतो, पीएफ भरतो, ईएसआय भरतो. कुणाला कोंडून ठेवत नाही.

मावशी : मग खूण करून मोकळा का होत नाहीस? मी आल्यापासून त्याच पानावर बसलायस.

मी ड्रॉवर उघडला आणि खाकी पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. आत रबर बँड लावलेली अकरा एटीएम कार्डं होती. वापरून वापरून कडा पांढऱ्या पडलेली. एकाच्या पाठीवर बॉलपेनने चार आकडे लिहिलेले होते, पिन विसरू नये म्हणून. मावशीने ते कार्ड हातात घेतलं, मागे-पुढे बघितलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

मी : एका साइटच्या सुपरवायझरकडे सापडली. उचल वसूल करायला त्याने ती ठेवून घेतली होती. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, बाहेर काढताना तो सोबत जायचा आणि हप्ता कापून घ्यायचा. त्याला मी झापलं, कार्डं काढून घेतली. त्याला आठ दिवस झाले.

मावशी : आणि आठ दिवस ती तुझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

मी : हो. कारण या अकरा जणींकडे मिळून माझे पावणेतीन लाख अडकलेत. आणि अर्ध्याअधिक जणींनी कार्ड आपण होऊन दिलं होतं, मावशी. ‘घरी ठेवलं तर नवरा पैसे काढतो आणि पितो, तुमच्याकडेच राहू दे’ असं म्हणून. मी व्याज घेत नाही. एक रुपयाही नाही. कुणाच्या घरात लग्न निघतं, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाच्या पत्र्यांतून पाणी गळतं. बँक दारात उभी करत नाही. मी देतो. तू आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध लढलीस तसला सावकार मी नाही.

मावशी : तसा मी तुला म्हटलंही नाही. यांच्यातली कुणी काम सोडून जायचं म्हणाली होती का?

मी : एक जण. तिसऱ्या मजल्यावरची. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी चाळीस हजार घेतले होते. महिन्याला अडीच हजार कापायचे ठरलं. पाच हप्ते झाले. मग तिला एका हॉस्पिटलमध्ये दोन हजार जास्त पगाराचं काम मिळालं, घराजवळ. सुपरवायझर म्हणाला, ‘साडेसत्तावीस हजार ठेव आणि जा.’

मावशी : मग?

मी : राहिली.

मावशी : आमच्या भागात ‘लग्नगडी’ म्हणायचे. आदिवासी पोराचं लग्न ठरलं की तो शेठकडे जायचा. लग्नापुरते पैसे, थोडं भात, नवरीला लुगडं. बदल्यात गडी म्हणून राहायचं. लग्न होऊन आली की बायकोही राबायची. हिशेब शेठच्या वहीत, आणि वही वाचता येणारा एकटा शेठ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मारझोड करणारा राक्षस शोधत होते. तसे होतेही काही. पण एक म्हातारा गडी मला म्हणाला, ‘बाई, शेठ चांगला हाय. पोराला साप चावला तर सोताच्या गाडीतून डाक्टरकडं नेला.’ ते खरंच होतं. मी त्याला विचारलं, ‘उद्यापासून वीटभट्टीवर कामाला गेलास तर?’ तो रागावला नाही, हसला नाही. त्याला प्रश्नच कळला नाही. तेव्हापासून मी ‘मालक कसा आहे’ हे विचारणं सोडून दिलं. ‘उद्या दुसरीकडे गेलास तर काय होईल’ एवढंच विचारायची.

मी : पण ती तुलना इथे बसत नाही. लग्नगड्याला मजुरी मिळत नव्हती. मी किमान वेतन देतो. कायद्यात वेठबिगारी म्हणजे फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबवणं.

मावशी : कुणी सांगितलं? १९७६ च्या कायद्याची व्याख्या मी शेकडो वेळा तहसीलदारांना वाचून दाखवलीय. उचलीपोटी माणसाने फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबायचं कबूल करणं, किंवा दुसरीकडे काम करण्याचा हक्क गमावणं, किंवा देशात कुठेही जाण्याचा हक्क गमावणं, किंवा आपल्या कष्टाचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणं. मधे ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. चारांपैकी एक पुरतं. करार तोंडी असला तरी चालतो. ‘साडेसत्तावीस हजार ठेव आणि जा’ हे वाक्य तुझ्या माणसाने तोंडीच म्हटलं ना?

मी : म्हणजे मी गुन्हेगार?

मावशी : ते न्यायाधीश ठरवतील, मी नाही. मी तुला खूण सांगते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणं सांगितलीत. त्यांत कागदपत्रं ताब्यात ठेवणं आहे, कर्जात बांधणं आहे, वेतन अडकवणं आहे. त्याच संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे, की जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत आहेत. एवढा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड येतात, कुठली तरी खाण येते. ड्रॉवर येत नाही.

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग जी गोष्ट आठ दिवस माझ्या डोक्यात घोळत होती, तीच बोललो.

मी : मावशी, माझ्या डोक्यावर घराचं कर्ज आहे. अजून अकरा वर्षं हप्ता आहे. उद्या हा धंदा बंद करून गावी जाऊन शेती करावी असं वाटलं तर मला करता येणार नाही. मग मीही वेठबिगारच झालो की! पोटासाठी आणि कर्जासाठी काम न करणारा माणूस दाखव मला. सगळ्यालाच सक्ती म्हटलं तर त्या शब्दाला अर्थ काय उरला?

मावशी : हा प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयापुढेही तो आला होता. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या बांधकामावरचे मजूर. किमान वेतन होतं दिवसाला सव्वानऊ रुपये. ज्या जमादारांनी मजूर आणले, ते माणशी रोजचा एक रुपया दलाली कापायचे. हातात सव्वाआठ. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला : किमान वेतनाहून कमी पैशांत काम करवून घेणं म्हणजे संविधानाच्या तेविसाव्या कलमाने बंदी घातलेली सक्तीची मजुरी. चाबूक लागत नाही. भूक आणि गरिबी माणसाला दुसरा रस्ताच ठेवत नसेल, तर तीही सक्तीच. एका रुपयावरून एवढं म्हटलं गेलं.

मी : पण मग माझं घराचं कर्ज?

मावशी : तुझं कर्ज बँकेकडे, तुझं काम गिऱ्हाइकाकडे. तू काम बदललंस तर बँकेला त्याचं सोयरसुतक नाही. हप्ता आला की झालं. एक गिऱ्हाईक गेलं तर तू दुसरं शोधतोस, आणि त्यासाठी बँकेची परवानगी मागत नाहीस. कर्ज एका हातात, भाकरी दुसऱ्या हातात. तिचं कर्जही तुझ्या हातात आणि भाकरीही तुझ्याच हातात. हात कितीही मऊ असला तरी त्याने मूठ मिटली की ती अडकली. फरक तुझ्या चांगुलपणात शोधू नकोस, त्या मुठीत शोध.

मी : म्हणजे उचल देणं बंद करू? तेच सगळ्यात सोपं आहे. माझे हात स्वच्छ, फॉर्मवर छातीठोकपणे ‘नाही’. पण पुढच्या महिन्यात कुणाच्या पोराला डेंग्यू झाला तर ती कुठे जाणार? वस्तीत महिना दहा टक्क्यांनी देणारा बसलाय. किंवा आठवड्याला वसुली करणारे गट, हप्ता चुकला की चार बायका दारात येऊन बसतात. माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून मी तिला त्यांच्या तोंडी द्यायचं? ही कसली नीती?

मावशी : (बऱ्याच वेळाने) इथे तू मला अडवलंस. आणि बरोबर अडवलंस. ७६ च्या कायद्याने बंधक मजुराचं कर्ज एका फटक्यात रद्द झालं. कागदावर माणूस मोकळा. पण मोकळ्या माणसाच्या घरात संध्याकाळी शिजवायचं काय? आम्ही सोडवलेली काही माणसं पुढच्या आगोटीला पुन्हा त्याच शेठच्या दारात उभी दिसली. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. नंतर कळलं, राग चुकीच्या माणसावर होता. सरकारला १९७८ मध्ये पुनर्वसनाची योजना आणावी लागली ती म्हणूनच. नुसती गाठ सोडून भागत नाही, पायाखाली जमीन द्यावी लागते. तेव्हा उचल बंद कर, असं मी म्हणणार नाही.

मी : मग मी करू तरी काय? दिली तर बांधतो, नाही दिली तर बुडवतो.

मावशी : देणं आणि बांधणं या दोन गोष्टी सुट्या कर. तू म्हणतोस त्या दोन्ही एकत्रच येतात, कारण आजवर कुणी त्या सुट्या केल्याच नाहीत. उचल दे, पण कागदावर, तिला वाचता येईल अशा मराठीत, एक प्रत तिच्या हातात. हप्ता इतका, की घर चालावं. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यानेही कपातीला पगाराच्या निम्म्याची मर्यादा घातली होती, तू त्याच्याही कितीतरी खाली राहा. आणि त्या कागदावर एक ओळ ठळक लिही : काम सोडलं तरी शेवटचा पगार, पीएफचे कागद आणि अनुभवाचं पत्र अडवलं जाणार नाही. राहिलेली रक्कम ती नव्या पगारातून हजार-हजारने देईल. मोठी रक्कम लागली तर कामगारांची पतपेढी काढायला मदत कर. तिथे पैसा त्यांचा, वहीही त्यांची. तुझ्याकडे फक्त भाकरीचा हात राहू दे.

मी : आणि एखादी चाळीस हजार घेऊन पसार झाली तर?

मावशी : तर बुडतील.

मी : इतकं सोपं?

मावशी : सोपं नाही. तो स्वातंत्र्याचा खर्च आहे. आजवर तो कोण भरत होतं? तिसऱ्या मजल्यावरची ती बाई. दर महिन्याला दोन हजार जास्त मिळाले असते, ते सोडून. तिच्या खिशातून जात होतं तेव्हा तो तोटा तुझ्या वहीत दिसत नव्हता, एवढंच.

याच्यावर मला काही सुचलं नाही. बाहेर पाऊस वाढला होता. मावशीने डबा उघडला, मला वाढलं आणि मग पाकिटातली कार्डं एकेक करून टेबलावर मांडली, पत्त्यांसारखी, दोन रांगांत.

मी : पण नवरा पितो म्हणून आपण होऊन कार्ड देणारी? तिच्या भल्यासाठीच ठेवलं होतं ना?

मावशी : डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं होतं. वतन म्हणजे थोडी जमीन, थोडं बलुतं. वरून बघणाऱ्याला वाटायचं, मिळकत आहे, हक्क आहे. बदल्यात गावाची नि सरकारची चोवीस तास चाकरी. आणि वतन सोडवेना, कारण तेवढंच तर हाताशी होतं. अशी वतनं कायद्याने संपायला १९५८ उजाडावं लागलं. आधार म्हणून दिलेली वस्तूच बेडी कशी होते, हे आपल्या मातीने फार जवळून पाहिलंय. नवऱ्यापासून पैसे वाचवायला तिला मदत हवी आहे ना? तिच्या नावावर दुसरं खातं काढून दे, पिन बदलून दे, साइटवर कुलपाचा कप्पा दे. पण किल्ली तिच्याकडे. नवऱ्याच्या मुठीतून सुटण्यासाठी तिने मालकाच्या मुठीत जायचं, याला सुटका म्हणत नाहीत.

मी : आणि झाडू कुणाच्या हातात येतो, तेही आधीच ठरलेलं असतं.

मावशी : बरं झालं तूच म्हणालास. तुझ्या तीनशे बायकांमध्ये आडनावं बघ. मराठवाड्यातल्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या किती, आणि कुठल्या जातींतल्या किती. ज्यांच्या आज्यांनी गावचा केर काढला, त्यांच्याच नाती आयटी पार्कचा काढतात. ज्यांच्याकडे जमीन नाही, तारण नाही, जामीन नाही, त्यांनाच उचल लागते. म्हणून तुझ्या धंद्यात हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तुझा दोष नसेल, पण तुझी जागा ती आहे.

मी : फॉर्ममध्ये पुढे पुरवठा साखळीचंही विचारलंय. झाडू, मॉप, रसायनं, हातमोजे. मी हे सगळं बोहरी आळीतून उचलतो. हातमोज्यांच्या खोक्यावर मलेशिया लिहिलेलं असतं. माझ्या आणि त्या कारखान्याच्या मधे तीन-चार व्यापारी. मी कसं सांगणार तिथे काय चाललंय?

मावशी : मलेशियात काही झालं होतं का?

मी : टॉप ग्लोव्ह म्हणून तिथली कंपनी आहे, हातमोजे बनवणारी जगातली सगळ्यात मोठी. जुलै २०२० मध्ये, ऐन कोरोनात, अख्खं जग हातमोज्यांसाठी रांगेत उभं असताना, अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून तिच्या दोन उपकंपन्यांचा माल बंदरावर अडवला. नेपाळ-बांगलादेशातून आलेले कामगार. नोकरी मिळवायलाच दलालाला मोठाल्या रकमा देऊन, कर्ज काढून आलेले. पुढच्या वर्षी कंपनीने दलालीचे पैसे कामगारांना परत केले, तेव्हा बंदी उठली.

मावशी : म्हणजे तिथेही उचलच.

मी : हो. कामाला लागायच्या आधीच कर्ज.

मावशी : आणि काचा पुसायला दोराला लटकतात ती झारखंडची मुलं तुझ्याकडे कोण आणतं?

मी : मुकादम.

मावशी : तो त्यांच्याकडून किती घेतो?

मी : मी... विचारलेलं नाही. मी माझ्याकडून पूर्ण पगार देतो.

मावशी : एशियाडमध्येही वरून पूर्णच येत होता. रुपया मधे गळायचा. बाबा रे, मलेशियाचा कारखाना तुला दिसत नाही, हे मला मान्य. व्यापाऱ्याला विचार, माल कुठला, कागद काय आहे. दहा जणांनी विचारलं की तो वरच्याला विचारेल. त्यात लाज नाही. पण मुकादमाला विचारायला तुला बोहरी आळीतही जावं लागत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं म्हणून. लांबच्या गुलामगिरीकडे त्यांचं नीट लक्ष होतं. पण पुस्तक लिहिलं ते इथल्या, आपल्या अंगणातल्या गुलामगिरीवर. दूरचं बघून त्यांना जवळचं जास्त लख्ख दिसलं. आपलं उलटं होऊ नये.

मी : तू सगळं खालीच बघतेस, मावशी. जरा वरही बघ. साखळी काय फक्त माझ्या खाली आहे? मीही कुणाच्या तरी साखळीतली कडी आहे. टेंडर निघतं. साठ माणसं मागतात. ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला काम. त्या दरात प्रामाणिकपणे बावन्न माणसं बसतात. उरलेल्या आठांचं काम कोण करतं? डबल ड्यूटी. रजेवर गेलेलीच्या जागी रिलीव्हर ठेवायचा तर त्याचे पैसे कुणी देत नाही. बिलं निघतात तीन महिन्यांनी आणि पगार मला सात तारखेच्या आत करायचा असतो. मी ओव्हरड्राफ्ट काढतो. आणि तीच कंपनी मला विचारते, तुझ्याकडे सक्तीची मजुरी आहे काय?

मावशी : बोल. आत्तापर्यंतचं सगळ्यात खरं हेच बोललास.

मी : उचल मी का देतो? कारण पगारात तिचा महिना निभत नाही. पगार का तेवढाच? कारण दर तेवढाच. म्हणजे माझी उचल हा त्यांच्या दराचाच उरलेला तुकडा आहे. कमी दिलेला पगार मी तिला कर्ज म्हणून परत देतो.

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि मी थांबलो. वर्षानुवर्षं ज्याला मी माझी माणुसकी समजत होतो, तिचा हिशेब असा मांडता येतो हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं.

मावशी : १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्याने हे ओळखलं होतं. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, असं त्यात होतं. पण नाव बदललं की जबाबदारी टळते, हेही लोक लवकर शिकले. मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणारी माणसं वर्षानुवर्षं कंत्राटात राबली, कागदावर त्यांना स्वयंसेवक केलं गेलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढत राहिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० जणांना कायम कामगाराचा हक्क मिळाला. त्यात किती वर्षं गेली, किती माणसं निकाल न बघताच गेली, त्याचा हिशेब कुठल्या निकालात नसतो. तेव्हा वरच्यांना विचारायचं असेल तर विचार. फॉर्मचा कागद खाली येतो तसा वरही जाऊ शकतो.

मी : मी विचारलं तर कंत्राट जाईल. कंत्राट गेलं की साठ बायकांचं काम जाईल. नवा ठेकेदार येईल, तो कार्डंही ठेवेल आणि व्याजही घेईल. मग कुणाचं भलं झालं?

मावशी : ‘मी नाही केलं तर माझ्याहून वाईट माणूस करेल.’ हे प्रत्येक शेठ मला म्हणायचा. आणि ते खोटं नसायचं, हीच तर त्याची ताकद. त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. मी एवढंच बघितलंय, की या वाक्याच्या आधाराने कुणी कधी एक गाठही सोडली नाही. तू वरची लढाई उद्याच जिंकशील असं मी म्हणत नाही. पण वरचा माणूस मूठ उघडत नाही, म्हणून मीही उघडणार नाही, असं तुला म्हणता येणार नाही. तुझ्या खालची मूठ उघडायला कुणाचं टेंडर लागत नाही. ही अकरा कार्डं द्यायला तर काहीच लागत नाही.

मी : समजा दिली. कागद केला, सगळं केलं. तरी ती जाणार नाही, मावशी. मला माहीत आहे. ‘साहेबांनी अडीअडचणीला दिले, कसं सोडून जायचं’ असं म्हणेल. त्या मिंधेपणाचं काय करू? तो तर ड्रॉवरमध्ये नाही.

मावशी : तो तिचा आहे. उपकाराची आठवण ठेवायची की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. ती आठवण करून देणं तुझं काम नाही. सुपरवायझरचंही नाही. कृतज्ञता मागून घेतली की तिची वसुली होते. ती राहिली तर राहू दे, पण जाता येत होतं आणि राहिली, असं असू दे. लग्नगड्यांमधले काही मुक्त झाल्यावरही त्याच शेठकडे कामाला गेले, पण रोजावर. संध्याकाळी मजुरी घेऊन घरी. तेच शेत, तोच बांध. मी एकाला विचारलं, आता काय वेगळं? म्हणाला, ‘आता मी येतो.’

साडेअकराला मी फॉर्म तसाच ठेवून गाळा बंद केला. मावशीने निघताना टेबलावरच्या कार्डांवरची नावं मला वाचून दाखवायला सांगितली, तिला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून. मी एकेक वाचत गेलो. अकरापैकी तीन नावं मला माहीत होती. बाकीच्यांना मी सहा-सहा वर्षं रोज भेटत होतो, हाक मारत होतो. आमच्याकडे ऑफिसात झाडू-पोछा करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. मीही म्हणायचो. माझी मावशी माझ्यासमोर उभी होती आणि ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शिफ्टला मी साइटवर गेलो आणि कार्डं ज्यांची त्यांना दिली. दोघींनी घेतली नाहीत, ‘तुमच्याकडेच ठेवा’ म्हणाल्या. त्यांच्यासाठी खाली कुलपाचे कप्पे केले, किल्ल्या त्यांच्याकडे. मुकादमाला बोलावून मुलांसमोरच विचारलं. तो आधी हसला, मग आकडा सांगितला. तो आकडा आता मी त्याला कंपनीतून देतो आणि मुलांकडून घ्यायचा नाही असं कागदावर केलंय. तो खरंच घेत नाही ना, हे मुलांना दर महिन्याला त्याच्यामागे विचारावं लागतं. पतपेढीची सभा झाली, सतरा जणी आल्या.

फॉर्मवर मी दोन्ही चौकोन रिकामे ठेवले. खाली लिहिलं, की अमुक साइटवर अकरा कार्डं ताब्यात ठेवलेली आढळली, ती परत केली, उचलीची पद्धत बदलली. आणि रिलीव्हरचे पैसे दरात धरल्याशिवाय डबल ड्यूटी थांबवता येणार नाही, तरी त्याबद्दल आपलं म्हणणं कळवावं. चार दिवसांनी त्यांच्या खरेदी विभागातून फोन आला. पलीकडचा मुलगा चांगला होता, माझ्या काळजीनेच बोलत होता. ‘सर, असं लिहिलं तर सिस्टिम घेत नाही. “नाही” करून पाठवून द्या.’ मी फॉर्म होता तसाच परत पाठवला. कंत्राट मार्चमध्ये संपतंय. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि साठ जणींची काळजी रात्री झोपू देत नाही हेही खरं.

तिसऱ्या मजल्यावरची बाई महिनाअखेरीला गेली. तिने राहायचं ठरवलं असतं तर मला मनातून बरं वाटलं असतं, हे मी कबूल करतो. शेवटच्या दिवशी ती गाळ्यावर आली, पगाराचा हिशेब बघितला, साडेसत्तावीस हजारांच्या कागदावर सही केली आणि हॉस्पिटलला दाखवायला अनुभवाचं पत्र मागितलं. मी संगणकावर मजकूर लिहायला घेतला. ‘प्रमाणपत्र देण्यात येते की, श्रीमती’ इथपर्यंत आलो आणि तिला म्हटलं, पूर्ण नाव सांगा, वडिलांचं की नवऱ्याचं लावता, तेही सांगा. तिने खुर्ची जवळ ओढली आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं.